ट्रॅक्टरचं हिरवं पाणी

आमचा ट्रॅक्टर पाणी पितो, असं अण्णा फोनवर हसत हसत सांगायचा. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं, तर पातळी खाली गेलेली. जमिनीवर थेंब नाही, ऑइलमध्ये पाणी उतरल्याची खूण नाही, धुराचा रंगही नेहमीचाच. रबरी पाइप बदलून झाले, त्यांच्या पट्ट्या आवळून झाल्या, रेडिएटर उतरवून जवळच्या सरगूर गावाहून डाख देऊन आणला. तरी पाणी जातच राहिलं. पुढे पुढे ते सांगताना अण्णा हसेनासा झाला.

"गळती दिसली की बरं वाटतं गं," तो एकदा म्हणाला. "ही दिसतच नाही."

मी म्हैसूरला अग्रहार भागात राहते. देवराज मोहल्ल्यात माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. आमचे पूर्वज कापड रंगवायचे. आता घरात रंगाचं काम कुणालाच येत नाही. उरलीय ती घरातली मराठी, आणि तीही निम्मी कन्नडात भिजलेली. अण्णा, माझा थोरला भाऊ, वहिनीबरोबर सरगूरपलीकडे शेतावर राहतो. आलं आणि कापूस करतो. शेताच्या कडेला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे रान सुरू होतं. आई गेल्यापासून आमचे वडील, अप्पा, त्यांच्याकडेच होते. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे.

अप्पांना मधुमेह आहे आणि गोडाची हाव आहे. वहिनीने साखर-गूळ कुलपात ठेवायला सुरुवात केली होती, कारण अप्पा चोरून खायचे. देवापुढची खडीसाखर नाहीशी व्हायची. पकडलं की ते लहान मुलासारखे साफ नाकारायचे, "मी गोड खात नाही," आणि मिशीला गुळाचा कण चिकटलेला असायचा. आम्ही हसायचो. "होगली, जाऊ दे वहिनी, या वयात किती अडवायचं," असं मीच म्हणायचे.

शेवटी गळती सापडली. इंजिन तापून चालू असताना अण्णाने पंख्यामागे बॅटरीचा झोत मारला, तेव्हा वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून थेंब सुटताना दिसला. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकाने बाहेर येतं. थेंब गरम लोखंडावर पडायचा, पंख्याचा वारा लागायचा, आणि जमिनीवर पोचायच्या आधीच वाळून जायचा. इतके महिने तो तसाच गळत होता. पंप सरगूरला मिळेना, म्हणून मी म्हैसूरच्या दुकानातून नवा घेतला आणि शनिवारी बसने शेतावर गेले.

मी पोचले तेव्हा अण्णाने इंजिन रिकामं केलं होतं. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या टबात ते पाणी साठलं होतं. पाणी म्हणते, पण ते कूलंट होतं, इंजिन थंड ठेवायचं रसायन. आमच्या बोअरच्या पाण्याने आतून गंज धरतो म्हणून मेकॅनिकने साधं पाणी बंद करायला लावलं होतं. त्याचा रंग मी कापडातही पाहिला नव्हता. हिरवा होता, पण पानाचा नाही, कैरीचाही नाही. शेडच्या सावलीतसुद्धा तो आतून उजळल्यासारखा दिसत होता.

"फेकायचं कशाला?" अण्णा म्हणाला. "आत्ता आत्ताच नवं घातलंय. गाळून परत भरतो."

कूलंटचा मूळ कॅन तळाला चिरला होता. म्हणून त्याने ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून थंड पेयाच्या मोठ्या बाटल्यांत भरलं. घरातल्या कुठल्याशा समारंभानंतर उरलेल्या रिकाम्या बाटल्या वहिनीनेच धुऊन दिल्या होत्या. बाटल्या फळीवर उभ्या राहिल्या. टबात तळाला थोडं उरलं, ते तसंच ट्रॅक्टरखाली राहिलं.

दुपारभर आम्ही दोघं इंजिनाशी झटलो. पट्टा काढला, पंखा काढला, पंपाचे बोल्ट एकेक करून सैल केले. मी पाने हातात देत होते आणि निघालेले बोल्ट डब्याच्या झाकणात ओळीने मांडत होते. शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. अण्णाने त्यावर तेल सोडलं, हातोडीने हलकं ठोकलं, मग पान्याला पाइप लावून जोर दिला. कट् असा आवाज झाला. बोल्टचं डोकं पान्यात आलं आणि बाकीचा बोल्ट इंजिनातच राहिला.

अण्णा बराच वेळ ते तुटकं डोकं तळहातावर घेऊन बसला. "आता मेकॅनिक येईल तेव्हाच," तो म्हणाला. पंप कसाबसा निघाला, पण त्या मोडक्या बोल्टमुळे नवा बसवता येईना. इंजिन पुढून उघडंच टाकून आम्ही घरामागे हात धुवायला गेलो. आल्याच्या वाफ्यावरच्या बायका कामावरून घरी निघाल्या होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज शेडवरून पुढे गेला. ओढ्याकडून भेकराचं भुंकणं एकसारखं येत होतं. "कायतरी फिरतंय तिकडे," वहिनी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी दाट धुकं होतं. मी ओट्यावर कॉफी घेऊन बसले होते, तेव्हा शेतावरची तांबडी कुत्री शेडकडून येताना दिसली. तिचे मागचे पाय तिचं ऐकत नव्हते. दोन पावलं सरळ, मग एकदम एका अंगाला. वहिनी हसून म्हणाली, "अय्यो, हिनं कुठं दारू ढोसली?"

थोड्या वेळाने अप्पा मागच्या दाराने आत आले. खुशीत होते. इडली खाताना मोठमोठ्याने बोलत होते, कुणाच्या तरी जुन्या लग्नातली गोष्ट सांगत होते आणि मध्येच कन्नडात घुसून तिथेच हरवत होते. पेला हातातून निसटला. शब्द जड येऊ लागले.

"साखर उतरली," म्हणत वहिनीने त्यांच्या बोटातून रक्त काढून यंत्रावर पाहिलं. आकडा नेहमीचाच होता. तिने पुन्हा पाहिलं. तोच.

"मग काय झालं यांना?" ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मी त्यांच्या तोंडाजवळ गेले. दारूचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. "मी ठीक आहे," म्हणत अप्पा उठले आणि खाटेकडे निघाले. दोन पावलं सरळ, मग एकदम एका अंगाला. बाहेर ओट्याच्या पायरीवर कुत्री चढायचा प्रयत्न करत होती. मला एकाच वेळी दोघं दिसत होती, आणि दोघांची चाल एकच होती.

मी शेडकडे पळाले. ट्रॅक्टरखालच्या टबाचा तळ चाटून लख्ख झाला होता. फळीवरच्या एका बाटलीचं बूच उघडं होतं, पातळी बरीच खाली होती, आणि शेजारी अप्पांचा स्टीलचा पेला होता. पेल्याच्या तळाला हिरवी रेघ होती.

मी पेला घेऊन घरात आले. अण्णाने तो पाहिला आणि बाहेर गेला. चिरलेला कॅन घेऊन परत आला. चष्मा लावून त्याच्यावरची बारीक अक्षरं त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. विषारी, पोटात जाऊ देऊ नये, मुलं आणि जनावरांपासून दूर ठेवावे, इथपर्यंत वाचलं आणि कॅन खाली ठेवला.

मी अप्पांच्या खाटेजवळ बसले. "अप्पा, शेडमधल्या बाटलीतलं काही प्यायलात का तुम्ही?"

"मी? छे."

"खरं सांगा. रागावणार नाही कुणी."

"सांगितलं ना. मी गोड खात नाही."

ते गोड असतं हे तोवर मलाही माहीत नव्हतं.

सरगूरच्या दवाखान्यात फोन केला, तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, इथे थांबू नका, थेट म्हैसूरला न्या, आणि ती बाटली बरोबर घ्या. अण्णाने गाडी काढली. वहिनी शेतावर थांबली. मी मागच्या सीटवर अप्पांचं डोकं खांद्यावर घेऊन बसले, बाटली दोन्ही पायांत घट्ट धरून. धुक्यात समोरचं फार दिसत नव्हतं. गाडी वळली की पायांत ते हिरवं पाणी हेलकावे खायचं. अप्पांना एकदा उलटी झाली, मग ते शांत झाले. निम्म्या वाटेवर त्यांचा श्वास बदलला. खोल आणि भरभर चालू लागला, धावून आलेल्या माणसासारखा, आणि ते तर निजलेले होते.

"अण्णा, स्वल्प लवकर," मी म्हणाले.

"बघतोय ना मी," तो ओरडला.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती. तिने बाटली उजेडाकडे धरली, कॅनचा अण्णाने मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून वाचला, आणि आमच्याशी सरळ बोलली. "हे गोड लागतं, वास नसतो, म्हणून कळत नाही. पहिले काही तास माणूस फक्त प्यायल्यासारखा वागतो. नंतर शरीरात त्याचं आम्ल होतं. ते सुरू झालंय, श्वास त्यामुळेच तसा चाललाय. म्हणजे यांनी रात्रीच घेतलं असणार. त्यानंतर किडनी बंद पडते." यावरचं औषध त्यांच्याकडे नव्हतं, दुसऱ्या गावाहून मागवावं लागणार होतं. "तोवर दारू देऊ," ती म्हणाली. "शरीर आधी दारू पचवायला घेतं. तेवढा वेळ ते विष थांबतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. कुणी पिऊन लग्नाला आलं तर ते पंगतीतून उठायचे.

अण्णा कागदांवर सह्या करत होता, म्हणून दारू आणायला मी गेले. हॉस्पिटलजवळचं दुकान नुकतंच उघडत होतं. शटरपुढे उभ्या असलेल्या पुरुषांनी बाजूला सरून मला वाट करून दिली आणि सगळे दुसरीकडे बघू लागले. जाळीआडच्या माणसाने विचारलं, "यावुदु, अम्मा?" कुठली हवी ते मला सांगता येईना. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मी पुढे केला. त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती छातीशी धरून मी भर सकाळी रस्ता ओलांडला. परिचारिकेने ती मोजून पातळ केली आणि नाकातल्या नळीतून अप्पांना द्यायला सुरुवात केली. डायलिसिसची तयारी चालू होती. आम्हाला बाहेर काढलं.

अण्णा आयसीयूच्या दाराशी थांबला नाही. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. रेंज तुटत होती. "फळीवर एकच बाटली आहे," ती म्हणत होती. "भरलेली एकच."

"एक आम्ही आणलीय इथे."

"मग तिसरी कुठाय? मी तीन धुऊन दिल्या होत्या."

मी फोन अण्णाच्या कानाला लावला. तो उठून उभा राहिला. "तीन भरल्या," तो हळू म्हणाला. "तीनच भरल्या मी."

वहिनीने शेड पालथी घातली, न्हाणीघर बघितलं, अप्पांच्या खाटेखाली बघितलं. मग तिला आठवलं. वाफ्यावर कामाला येणारी एक बाई मागच्या आठवड्यात पाण्यासाठी रिकामी बाटली मागत होती, आणि वहिनीने तिला सांगितलं होतं, शेडमध्ये आहेत, जाताना एक घेऊन जा. ती बाई रानाच्या कडेच्या हाडीत राहायची, म्हणजे तिथल्या वस्तीत, दोन मुलींना घेऊन. तिच्याकडे फोन नव्हता आणि हाडीत रेंजही नव्हती.

"मी जाते," वहिनी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतरची दुपार मला नीट आठवते आणि नको तेव्हा आठवते. काचेपलीकडे अप्पांचं रक्त नळीतून यंत्रात जात होतं आणि परत येत होतं. जिन्यावर अण्णा दर थोड्या वेळाने वहिनीला फोन लावायचा. कन्नडात रेकॉर्ड केलेला तोच आवाज तेच सांगायचा, ग्राहक संपर्क क्षेत्राबाहेर आहेत. तो पुन्हा लावायचा. मी त्याला म्हटलं, "ती बाई बघेल ना, हिरवं आहे ते."

"अप्पांनी बघितलं होतं की," अण्णा म्हणाला.

मुलींना तो रंग कसा दिसेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. थंड पेयाच्या बाटलीत, चुलीच्या उजेडात. आदल्या संध्याकाळी शेडवरून गेलेले बायकांचे आवाज मला पुन्हा ऐकू येऊ लागले. त्यातल्या एकीच्या हातात तेव्हाच ती बाटली असणार. आणि आम्ही तेव्हा घरामागे हात धूत होतो, डोक्यात तो मोडका बोल्ट घेऊन.

ऊन उतरल्यावर वहिनीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं. बाईने बाटलीतलं हिरवं बघून ते ट्रॅक्टरचं काहीतरी असावं असं ओळखलं होतं, आणि घरी जाताना ओढ्याकाठी ओतून टाकलं होतं. बाटली राखेने घासली, पुन्हा पुन्हा विसळली आणि पाण्याने भरून चुलीजवळ ठेवली. मुली सकाळपासून त्यातलं पाणी पीत होत्या. मी इथल्या डॉक्टरला विचारलं, तर ती म्हणाली, विसळली असेल तर बहुतेक काही होणार नाही, पण तिघींना तपासा. वहिनी त्यांना सरगूरला घेऊन गेली. तिघीही ठीक होत्या. मोठी मुलगी दवाखान्याच्या बाकावर झोपून गेली, तेव्हा वहिनीने तिला हलवून उठवलं. ती नुसती दमली होती.

ओतलेली जागा अण्णाने दुसऱ्या दिवशी जाऊन खणली आणि माती गोणीत भरून नेली. पण तोपर्यंत दोन रात्री गेल्या होत्या, आणि त्या ओढ्यावर रात्री रानातली जनावरं पाण्याला येतात. पुढे बरेच दिवस तो त्या काठाने सकाळी चक्कर मारायचा. काही सापडलं का, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कुत्री सोमवारी बरी वाटली. वहिनीच्या मागे मागे फिरली, भाकरी खाल्ली. वहिनीने मला आनंदाने फोनही केला. मंगळवारी ती उठली नाही. तिला लघवी होईना, पाणी पोटात ठरेना. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. मी हे काचेबाहेर उभी राहून ऐकलं. आत अप्पाही सोमवारी बरे वाटले होते. डोळे उघडून मला ओळखलं होतं. आता त्यांची लघवी बंद झाली होती.

डॉक्टर म्हणाली, कुत्रीशी तुलना करू नका, तिला औषध मिळालं नव्हतं. मी मान डोलावली आणि तुलना करत राहिले. रोज सकाळी लघवीच्या पिशवीत काही जमलंय का तेवढंच बघायचं. रोज पिशवी कोरडी. एक दिवस परिचारिकेने स्वतःहून मला आत बोलावलं आणि पिशवी दाखवली. तळाला थोडंसं, गढूळ पिवळं काही होतं. मी तिचा हात धरला. तिथून पुढे ते हळूहळू वाढत गेलं आणि डायलिसिस सुटलं. पण किडनी पूर्ण परत आल्या नाहीत. किती येतील हे कुणी सांगेना. दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं, म्हणून अप्पा शेतावर न जाता माझ्याकडे अग्रहारात आले. पाणी मोजून द्यायचं, मीठ बेतानं, फळं ठरावीकच.

किती प्यायलात, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. एकदाच, मी पाय चेपत असताना म्हणाले, "थंडगार होतं."

अण्णा सारखा फोन करायचा, पण माझ्याशी बोलायचा. अप्पांना देऊ का म्हटलं की म्हणायचा, "बेड, नको, झोपू दे त्यांना." ट्रॅक्टर इतके दिवस तसाच उघडा पडून होता. मग एका शनिवारी त्याने मला बोलावलं, तेव्हा अप्पांपाशी शेजारीण बसवून मी गेले. मोडका बोल्ट मेकॅनिकने छिद्र पाडून काढून दिला होता. बाकीचं काम अण्णाला स्वतः करायचं होतं, आणि त्या शेडमध्ये एकट्याने करायचं नव्हतं.

शेड मला ओळखू आली नाही. फळी काढून टाकली होती. टब नव्हता. जमीन फरशीसारखी झाडलेली होती. अण्णाने इंजिनावरची पंपाची जागा ब्लेडने खरवडून साफ केली, नवं गॅस्केट चिकटवलं, पंप बसवला, आणि बोल्ट एक इकडचा, एक समोरचा असे थोडे थोडे आवळत गेला. प्रत्येक वेळी थांबून मला विचारायचा, "बघ, सरळ बसलाय ना?" कूलंट त्याने नव्या कॅनमधून नरसाळ्याने ओतलं. बाहेर एक थेंब उडाला, तर काम थांबवून तो फडक्याने पुसला आणि ते फडकं तिथल्या तिथे जाळलं.

इंजिन सुरू झालं. आम्ही दोघं उकिडवे बसून पंपाखालच्या त्या भोकाकडे बॅटरी धरून बघत राहिलो. इंजिन तापलं. भोक कोरडं होतं. अजून तापलं. कोरडंच.

"झालं," मी म्हणाले.

"थांब जरा."

वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली. अण्णा हलला नाही. डिझेलच्या धुराने माझे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा मीच हात लांब करून इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हैसूरला सोडायला तो आला. अग्रहारात गाडी लावल्यावर मी म्हटलं, "वर ये." तो आला. अप्पा खिडकीशी बसले होते. अण्णा दारातच उभा राहिला, आणि अप्पांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "जेवलास का?"

"हो."

मग अप्पा म्हणाले, "पाणी दे मला."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. त्यांच्या वाट्याचं थोडं पाणी शिल्लक होतं, मी मान हलवली. त्याने माठातून पेलाभर घेतलं, अर्धं परत ओतलं आणि अप्पांना दिलं. अप्पांनी पेला दोन्ही हातांत धरला. आत बघितलं. नाकाशी नेऊन वास घेतला. अण्णा भिंतीकडे बघत होता. मग अप्पा पाणी प्यायले, रिकामा पेला त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बस ना."

तो बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला जायचं होतं, म्हणून मी अप्पांची फाइल पिशवीत घालून दाराशी ठेवली.